पेढीवर माणूस निवडताना

चंद्रपूर-गडचिरोलीच्या बाजारपेठांत दिवाळीनंतर माणसांची निकड भासू लागते. मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, वडसा या पट्ट्यातील राइस मिलांत नवे धान येऊ लागते. लग्नसराईमुळे कापडाच्या आणि भांड्यांच्या दुकानांत गर्दी वाढते. मार्च जवळ आला की हिशेबनिसावाचून काम अडते. मग कोणीतरी सांगतो, ‘‘आमच्या गावचा एक पोरगा आहे जी, पाठवू का?’’ दुसऱ्या दिवशी तो मुलगा गल्ल्यासमोर उभा असतो. नाव काय, गाव कोणते, वडील काय करतात, आधी कुठे होता, पगार किती पाहिजे, एवढे विचारून होते न होते तोच मध्ये गिऱ्हाईक येते, फोन वाजतो आणि पाच मिनिटांत निकालही लागतो.

हीच पेढी एखाद्या नव्या गिऱ्हाइकाला दोन लाखांचा माल उधारीवर देण्याआधी बाजारात चौकशी करते. आधीच्या व्यापाऱ्याचे देणे त्याने वेळेवर फेडले की नाही हे पाहते आणि पहिल्या खेपेस बेतानेच माल सोडते. बँकेत कर्जाचा अर्ज आला तर उत्पन्न, तारण, जुनी परतफेड यांची कागदावर छाननी होते. अर्जदाराचा चेहरा प्रामाणिक वाटतो एवढ्यावर कोणी कर्ज मंजूर करीत नाही. ज्याच्या हाती पुढची दहा वर्षे गोदामाची किल्ली द्यायची, त्याची पारख मात्र चेहऱ्यावरून होते. तीन महिन्यांत तो सोडून जातो किंवा त्याला काढावे लागते आणि ‘हल्ली चांगली माणसे मिळत नाहीत’ असा निष्कर्ष निघतो. चांगला माणूस कदाचित आदल्या आठवड्यात येऊन गेलेला असतो. तो फारसा बोलला नाही म्हणून त्याला परत पाठवलेले असते, एवढेच.

ही शक्यता या दोन जिल्ह्यांत इतर ठिकाणांहून अधिक आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार अनुसूचित जमातींचे प्रमाण ३८.७ टक्के आहे. एटापल्ली-भामरागडकडे माडिया आणि गोंडी, सिरोंचाकडे तेलुगू, चामोर्शी-मुलचेरा भागातील वसाहतींत बंगाली, कोरची-कुरखेड्याकडे छत्तीसगढी आणि उरलेल्या धानपट्ट्यात झाडीबोली अशी येथील भाषांची रचना आहे. म्हणजे पेढीवर काम मागायला आलेल्या अनेकांसाठी प्रमाण मराठी ही शाळेत शिकलेली भाषा असते. पेढीच्या मालकाच्या घरातही बहुधा मारवाडी किंवा गुजराती बोलली जाते. दोघे आपापल्या घरची भाषा बाजूला ठेवून तिसऱ्याच भाषेत एकमेकांना जोखत असतात आणि त्यांपैकी एकाच्याच अडखळण्याचे गुण कापले जातात.

झाडीबोलीत ‘ण’ चा ‘न’ होतो. ‘पानी’, ‘कोन’, ‘आनतो’ हे उच्चार ऐकून समोरच्याला अडाणी ठरवणारे शहरात पुष्कळ भेटतात. तो मुलगा पदवीधर असू शकतो, टॅलीवर बसवला तर दिवसाचे काम दुपारपर्यंत उरकूही शकतो. याच भागात दिवाळीनंतर झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम सुरू होतो. वडसा हे तिचे केंद्र. रात्र-रात्र चालणाऱ्या नाटकांत हजारोंच्या समोर संवाद म्हणणारी आणि पेटी-तबल्यावर साथ करणारी मुले याच गावांतली असतात. शेठजींच्या केबिनमध्ये हात मागे बांधून ‘हो जी’, ‘नाही जी’ एवढेच म्हणणारा तरुण परवाच्या मंडईत खलनायकाचे काम करून आलेला असू शकतो. त्याचे मौन बुद्धीच्या अभावातून आलेले नसते. अनोळखी आणि आपल्याहून मोठ्या माणसासमोर कमी बोलणे ही त्याच्या घरची शिस्त असते. त्यातच त्याला उभे ठेवून आणि ‘काय रे’ म्हणून सुरुवात केली असेल, तर तो बोलणार तरी काय!

पूर्वी हे चालून जात होते. एका जागेसाठी दहा जण येत आणि नऊ गमावल्याचे काही वाटत नसे. आता कोळसा खाणी, सिमेंट कारखाने आणि वीजकेंद्र यांच्या जोडीला सूरजागडची लोहखाण आणि कोनसरीचा कारखाना उभा राहिला आहे. ताडोबाच्या भोवतालच्या गावांतील तरुणांना गाईड, जिप्सीचालक, रिसॉर्टमधील कर्मचारी अशी कामे मिळाली आहेत. किराणा, कापड, हार्डवेअर, भातगिरणी या धंद्यांना त्या वेतनाशी नेहमीच बरोबरी करता येत नाही. त्यांच्यापाशी देण्यासारखे असते ते घराजवळचे काम, मालकाशी थेट संबंध आणि वागणुकीतील न्याय. त्यांपैकी शेवटच्या गोष्टीची पहिली प्रचिती मुलाखतीतच येते.

पाच मिनिटांच्या मुलाखतीचे काय मोल असते, याचा निवाडा देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वी केला आहे. ‘अजय हसिया विरुद्ध खालिद मुजीब’ या प्रकरणाचा निकाल नोव्हेंबर १९८० मधला. विषय नोकरीचा नव्हता. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशाचा होता, पण दुखणे तेच होते. लेखी परीक्षेला १०० गुण आणि मुलाखतीला ५०. विद्यार्थ्यांची तक्रार अशी, की प्रत्येकाची मुलाखत दोन-तीन मिनिटांत आटोपली आणि प्रश्न विचारले ते आईवडील कोण, राहता कुठे, असेच. न्यायमूर्ती भगवती यांच्या निकालपत्रात एकूण गुणांपैकी मुलाखतीला १५ टक्क्यांहून अधिक वाटा देणे मनमानीचे ठरेल असे म्हटले आहे आणि मुलाखतींचे ध्वनिमुद्रण करावे अशीही सूचना आहे. बँकांच्या अधिकारी भरतीतही आज अंतिम गुणवत्ता ठरताना मुख्य लेखी परीक्षेला ८० आणि मुलाखतीला २० असे प्रमाण असते. लिपिकांच्या भरतीतून तर मुलाखत गेलीच. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून आपल्या कनिष्ठ पदांसाठी मुलाखती बंद केल्या, त्यामागे वशिल्याला आणि लाचेला आळा घालण्याचा हेतू होता.

व्यापाऱ्याला हा मार्ग मोकळा नाही. एका काटेकारकुनासाठी तो लेखी परीक्षा घेऊ शकत नाही आणि घेऊ नये. छोट्या पेढीत माणूस घरच्यांबरोबर दिवसाचे दहा तास वावरतो, तेव्हा त्याच्याशी समोरासमोर बसून बोलणे अटळच आहे. त्यामुळे ते बोलणे कसे करावे, हा विचार सरकारपेक्षा व्यापाऱ्यालाच अधिक करावा लागतो.

या बाबतीत एक जुना प्रयोग उद्बोधक आहे. पुढे २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणारे मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन १९५५ मध्ये इस्रायली सैन्यात अवघे २१ वर्षांचे लेफ्टनंट होते. नव्या सैनिकांची मुलाखत घेणारे पंधरा-वीस मिनिटे इकडचे तिकडचे बोलत आणि ‘हा चांगला निघेल’ असा एकंदर अंदाज बांधत. तो अंदाज पुढील कामगिरीशी जवळजवळ जुळतच नसे. कानेमन यांनी सहा गुण ठरवून दिले. प्रत्येक गुणासाठी पूर्वायुष्यातील घटनांवर आधारलेले ठराविक प्रश्न विचारायचे, म्हणजे आधी कुठेकुठे काम केले, वेळ कितपत पाळली, मित्रांत मिसळणे कसे होते. एका गुणाचे पाचपैकी गुण लिहून झाल्यावरच दुसऱ्याकडे वळायचे. मुलाखत घेणारे नाराज झाले, आम्हाला यंत्र करून टाकले म्हणू लागले. त्यांची समजूत घालण्यासाठी कानेमन यांनी शेवटी एक मुभा दिली : सहाही गुण लिहून झाले की डोळे मिटा, हा माणूस सैनिक म्हणून कसा होईल याची कल्पना करा आणि एक आकडा द्या. पुढे पडताळा घेतला तेव्हा नवी पद्धत जुन्याहून बरीच सरस ठरली आणि तो डोळे मिटून दिलेला आकडाही तितकाच उपयोगी निघाला. वर्षानुवर्षे माणसे पाहिलेल्या वडीलधाऱ्या शेठजींना यात दिलासा मिळावा. त्यांचा अंदाज टाकाऊ नाही. तो आधी न लावता शेवटी लावायचा आहे.

अशा अभ्यासांचा एकत्रित आढावा पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. मुलाखतीतील गुण आणि प्रत्यक्ष कामातील कामगिरी यांचा मेळ शून्य ते एक या मापावर मोजला, तर सर्वांना सारखे, आधी ठरवलेले प्रश्न विचारणाऱ्या मुलाखतीचा मेळ ०.४२ निघाला, मनात येईल ते विचारणाऱ्या मुलाखतीचा ०.१९. उत्तम पद्धतसुद्धा निम्म्याच्या आतच राहते, ही गोष्टही यातून ध्यानात घ्यावी. मुलाखत कितीही नीट घेतली तरी माणूस पूर्ण कळत नाही. म्हणूनच तिच्या जोडीला प्रत्यक्ष काम करून पाहणे हवे.

हे सारे एखाद्या राइस मिलच्या काट्यावरील कारकुनाच्या जागेला लावून पाहू. पहिली गोष्ट म्हणजे जाहिरात देण्याआधी, किंवा चार ओळखीच्यांना सांगण्याआधी, हा माणूस दिवसभर नेमके काय करणार आहे ते कागदावर उतरवणे. धानाची गाडी आली की भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचे वजन नोंदवणे, ओलावा मापकावर पाहणे, पोती मोजणे, वजनावरून कुरकुरणाऱ्याशी न भांडता बोलणे, संध्याकाळी आवक-जावक जुळवणे. एवढे लिहिले की बऱ्याच अटी आपोआप गळून पडतात. ‘बी.कॉम. पाहिजे’, ‘इंग्रजी आले पाहिजे’, ‘दिसायला नीटनेटका’ यांपैकी काट्यावर काय लागते? मिलमधले जुने मुनीमजी स्वतः दहावी झालेले असतात, हे बी.कॉम.ची अट घालताना कोणाच्या लक्षात येत नाही.

शिक्षणाच्या अटीबाबत गडचिरोलीने साऱ्या देशाला धडा दिला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९३ पासून ३९ गावांत नवजात बालकांच्या घरच्या घरी काळजीचा जो प्रयोग केला, त्यातील आरोग्यदूत म्हणजे पाचवी ते दहावी शिकलेल्या गावच्याच स्त्रिया होत्या. त्या बाळाचे वजन घेत, घड्याळ लावून श्वास मोजत, नोंदी ठेवत आणि जंतुदोषाची लक्षणे दिसल्यास इंजेक्शनही देत. त्या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण हजारी सुमारे ६२ वरून २५ च्या आसपास आले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने हा अभ्यास छापला आणि पुढे ही पद्धत देशभर आशा कार्यकर्त्यांकडे आली. पाचवी-दहावीच्या शिक्षणावर हे काम नेमकेपणाने होऊ शकले, तर पोत्यांची नोंद ठेवायला पदवी का लागावी?

कामाची यादी झाली की त्यातूनच प्रश्न तयार होतात. सहा-सात पुरेत, पण येणाऱ्या प्रत्येकाला तेच आणि त्याच क्रमाने. ‘तू प्रामाणिक आहेस का?’ हा प्रश्न निरर्थक आहे, कारण त्याला आजवर कोणी ‘नाही’ म्हटलेले नाही. ‘मेहनत करशील ना?’ हाही त्याच जातीचा. त्याऐवजी असे विचारावे : ‘आधीच्या ठिकाणी कधी हिशेब जुळला नाही असे झाले होते का? तेव्हा तुम्ही काय केले?’ ज्याने कुठे नोकरीच केलेली नाही, त्याच्यासाठी प्रसंग मांडावा : ‘मालक जेवायला गेले आहेत. गाडीवाला म्हणतो, वजन दोन किलो कमी लावले. मागे तीन गाड्या उभ्या आहेत. काय कराल?’ या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर नाही. कोणी पुन्हा वजन करू म्हणेल, कोणी मालकांना फोन लावीन म्हणेल, कोणी लिहून ठेवतो आणि गाडी बाजूला घेतो म्हणेल. दोन किलो वाढवून देतो म्हणणारा आणि गाडीवाल्याला हाकलतो म्हणणारा, दोघांच्याही नावापुढे काय लिहायचे ते मालकाने आधीच ठरवलेले असावे.

प्रश्न विचारल्यावर थांबावे. मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजावेत. ज्याला मराठी मनात जुळवून बोलावे लागते, त्याला एवढा अवधी लागतोच. व्यापारी माणसाला गप्प बसण्याची सवय नसते. तो तिसऱ्या सेकंदाला स्वतःच उत्तर सुचवतो, समोरचा मान हलवतो आणि मुलाखत मालकाची होऊन जाते. हमालीच्या, गोदामाच्या किंवा यंत्रावरच्या कामासाठी आलेल्याला गोंडीत किंवा माडियात सांगणे सोपे जात असेल आणि मिलमध्ये ती भाषा जाणणारा जुना कामगार असेल, तर त्याला शेजारी बसवण्यात कमीपणा नाही. साडीच्या दुकानातील काउंटरसाठी मात्र बोलणे हेच काम आहे. तिथे बोलण्याची परीक्षा घ्यावीच. चार साड्या समोर ठेवून ‘आम्हाला विकून दाखवा’ म्हणावे. बोलकेपणाला किती गुण द्यायचे हे जागेवर ठरते. जिथे त्याची गरज नाही तिथे तो गुण धरणे अन्याय आहे आणि तोट्याचेही.

अर्जाच्या कागदावर न येणारा अनुभव विचारून काढावा लागतो. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे देशात सर्वप्रथम सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांपैकी एक. तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. गडचिरोलीतील कितीतरी ग्रामसभा आज बांबू आणि तेंदूपत्त्याचा व्यवहार स्वतः करतात, लिलाव काढतात, बँकेत खाते चालवतात, मजुरी वाटतात. ही कामे गावातील तरुण करतात. ७०-७० पानांची पुडकी मोजून घेणारा, मजुरांच्या याद्या ठेवणारा, लाखोंच्या रकमेचा हिशेब ग्रामसभेपुढे वाचून दाखवणारा मुलगा ‘अनुभव’ या रकान्यात ‘नाही’ असे लिहितो, कारण ते काम म्हणजे नोकरी असे त्याला वाटत नाही. बचत गटाच्या सचिव म्हणून पाच वर्षे वही सांभाळलेली बाईही तेच लिहिते. ‘गावात, ग्रामसभेत, गटात, मंडळात कसली जबाबदारी घेतली होती?’ एवढा एक प्रश्न प्रत्येकाला विचारला, तर जे हाती लागते ते पदवीच्या प्रमाणपत्रात सापडत नाही.

मग हातांची परीक्षा. शासनाच्या धान भरडाईत एका क्विंटल धानामागे ६७ किलो तांदूळ जमा करावा लागतो. ३५ क्विंटल धानाचा किती, हे कागदावर करून पाहायला सांगावे. कॅल्क्युलेटर हवा असेल तर द्यावा, कारण कामावरही तो असणारच आहे. २३ क्विंटल ४५ किलो हे उत्तर आले की पुढचा प्रश्न : गाडीतून २३ क्विंटल ३० किलोच उतरले, तर काय लिहाल आणि कोणाला सांगाल? त्यानंतर ओलावा मापक हाताळायला द्यावा. वापर माहीत नसेल तर एकदा दाखवावा आणि पुन्हा करायला लावावा. सरकारी खरेदीत १७ टक्क्यांपर्यंतचा ओलावा चालतो. १७.८ आल्यावर तो काय नोंदवतो यावरून बरेच कळते. दाखवलेले किती लवकर उचलतो हे पाहणे, आधी काय येते हे पाहण्याइतकेच मोलाचे असते.

याहून मोठी चाचणी हवी असेल, तर एक-दोन दिवस कामावर बोलावावे आणि त्या दिवसांची मजुरी त्याच संध्याकाळी हातावर ठेवावी. ‘आठ दिवस काम करून दाखव, मग बघू’ म्हणून फुकट राबवून घेण्याची रीत काही बाजारांत आहे. ती चाचणी नव्हे. ती बुडवलेली मजुरी आहे.

मुलाखत घेताना दोघे असावेत आणि दोनच असावेत. बँकेची तिजोरी दोन वेगवेगळ्या अधिकाऱ्यांकडील दोन किल्ल्यांनी उघडते. कोणावर अविश्वास म्हणून ही पद्धत नसते, एकट्याच्या चुकीला आणि एकट्याच्या मोहाला अटकाव म्हणून असते. येथेही तसेच. मालक आणि मुनीमजी, किंवा वडील आणि सून, असे दोघे बसले तर प्रत्येकाने आपले गुण स्वतंत्र लिहावेत आणि उमेदवार बाहेर गेल्यावर वह्या समोरासमोर ठेवाव्यात. आधी बोलून मग लिहिले, तर धाकटा थोरल्याच्याच मताचे लिहितो. एकाने पाचपैकी चार दिले आणि दुसऱ्याने एक, तर का, याची चर्चा करावी. त्या चर्चेतच बहुधा कोणाचा तरी पूर्वग्रह उघडा पडतो. आजोबा, काका, दोन भाऊ आणि मध्येच डोकावणारे शेजारचे दुकानदार अशा दरबारात घेतलेल्या मुलाखतीतून उमेदवाराच्या घाबरटपणाखेरीज काहीच निष्पन्न होत नाही.

आता जे विचारू नये त्याविषयी. एटापल्ली, भामरागड किंवा अहेरीकडचा मुलगा आला की ‘तुमच्याकडे नक्षलवादी येतात का? तू कधी पाहिलेस का?’ हा प्रश्न कुतूहलाने, कधी गमतीनेही, विचारला जातो. तो अजिबात विचारू नये. त्या भागातील कुटुंबांनी दोन्ही बाजूंच्या संशयात वर्षे काढली आहेत. अनोळखी दुकानात चार लोकांदेखत या प्रश्नाचे कोणतेही उत्तर देणे त्याला सुरक्षित वाटत नाही, आणि त्याने दिलेल्या उत्तराने मालकाला त्याच्या कामाबद्दल काहीही कळत नाही. रोकड सांभाळण्याच्या जागेसाठी पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला हवा असेल, तर तो निवड झालेल्या प्रत्येकाकडून मागावा, मग तो भामरागडचा असो की चंद्रपूरच्या गोल बाजारातला.

आडनावावरून जात शोधण्याची खोड जुनी आहे. ‘कोणत्यापैकी?’ या दोन शब्दांत उमेदवाराला हवे ते सारे कळून चुकते. खाण्यापिण्याचा प्रश्न जैन घरांत विशेष नाजूक असतो आणि त्याबद्दल स्पष्ट बोललेले बरे. दुकानाच्या, गोदामाच्या किंवा घराला लागून असलेल्या पेढीच्या आवारात मांसाहार आणि मद्य चालणार नाही, हा कामाच्या जागेचा नियम म्हणून मुलाखतीतच सांगावा. तो सर्वांना सारखा सांगावा आणि पाळता येईल का एवढेच विचारावे. उमेदवार स्वतःच्या घरी काय खातो, हा पेढीचा विषय नाही. घरच्या स्वयंपाकघरात काम करायचे असेल तर जैन स्वयंपाकाची माहिती हा त्या कामाचाच भाग आहे, तेव्हा त्याविषयी विचारणे रास्त. पण तेही ‘कांदा-लसणाविना काय काय करता येते, सूर्यास्तापूर्वी सारे आटोपता येईल का?’ असे कामाच्या अंगाने.

स्त्रियांना लग्न, मूल, सासर याबद्दल प्रश्न विचारणे तर कायद्याच्याही वाटेला जाणारे आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात भरती, प्रशिक्षण, बदली, बढती आणि वेतन यांत स्त्री कर्मचाऱ्याशी भेदभाव करण्यास मनाई आहे. ‘रात्री साडेआठला दुकान बंद होते, तोवर थांबता येईल का?’ हा प्रश्न योग्य आहे, फक्त तो पुरुष उमेदवारालाही विचारायला हवा. कारण साडेआठनंतर सावलीला किंवा पोंभुर्ण्याला जाणारी बस पुरुषांनाही मिळतेच असे नाही.

सर्वांत अवघड मुलाखत असते ती नात्यातल्या किंवा समाजातल्या मुलाची. पुण्याहून मावसभावाचा फोन येतो, अमुक मुलाला चिकटवून घ्या. नाही म्हणावे तर नाते दुखावते, हो म्हणावे तर पेढीवरची आधीची माणसे पाहत असतात. यावर एकच उपाय चालण्यासारखा आहे : ‘जरूर पाठवा, बुधवारी बाकीचे येणार आहेत, त्यांच्याबरोबर बसू द्या.’ त्यालाही तेच प्रश्न, तोच ३५ क्विंटलचा हिशेब. तो उत्तम ठरला तर त्याची निवड कोणाला खुपणार नाही, आणि नाही ठरला तर मावसभावाला दाखवायला वही आहे. समाजातील मुलांना आधार देण्याची वडीलधाऱ्यांची भावना रास्तच आहे. मात्र त्यासाठी शिकण्याची संधी द्यावी, शिष्यवृत्ती द्यावी. गल्ल्यावरची जागा देऊन केलेली मदत दोन वर्षांनी दोन्ही घरांना जड जाते, याची उदाहरणे प्रत्येक गावात आहेत.

आधीच्या मालकाला फोन करायचा असेल तर उमेदवाराला सांगून करावा, आणि ‘कसा आहे?’ असे न विचारता ‘पुन्हा जागा निघाली तर त्याला ठेवाल का?’ असे विचारावे. पलीकडचा माणूस उत्तरापूर्वी किती थांबतो, तेही ऐकावे.

निवड झाली की मूळ गुणपत्रिका ठेवून घेण्याची चाल काही पेढ्यांत आहे. ‘सोडून जाऊ नये म्हणून’ असे त्याचे कारण दिले जाते. मूळ प्रमाणपत्रे पाहावीत, छायाप्रत घ्यावी आणि त्याच क्षणी परत द्यावीत. सहीचा कोरा धनादेश किंवा कोरा मुद्रांक कागद तर कधीच घेऊ नये. त्या कागदाचा उपयोग करण्याची वेळ आली, तर तो घेणारा स्वतःच अडचणीत येतो. त्याऐवजी नेमणुकीचे साधे पत्र द्यावे. काम, पगार, पगाराची तारीख, कामाची वेळ, साप्ताहिक सुट्टी आणि किती दिवसांची सूचना देऊन सोडता येईल, इतके मराठीत एका पानावर मावते. हेच मुद्दे मुलाखतीच्या सुरुवातीला तोंडी सांगितलेले असावेत. पगार शेवटपर्यंत गुप्त ठेवून घासाघीस करण्यात दोन-चारशे रुपये वाचतात, पण माणूस पहिल्या दिवसापासून दुसरीकडे चौकशी करू लागतो.

ज्यांची निवड झाली नाही त्यांनाही तसे कळवावे. ‘कळवतो’ म्हणून पाठवलेला मुलगा पंधरा दिवस वाट पाहतो, त्या काळात दुसरे काम धरत नाही. भामरागड गडचिरोलीपासून दीडशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. तेथून आलेल्याचा आदला दिवस प्रवासात आणि रात्र कोणाच्या तरी ओसरीवर गेलेली असते. त्याला एसटीचे भाडे आणि जेवण देण्याने पेढीला फार तोशीस पडत नाही. गावी परतल्यावर तो जे सांगतो त्यावर त्या गावातून पुढे कोणी येणार की नाही हे ठरते.

मुलाखतीचा दिवस ठरवतानाही पंचांगाबरोबर शेताकडे पाहावे. जुलैत रोवणी असते, पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले आणि त्यामागोमाग मे महिन्यात तेंदूपत्ता, या दिवसांत साऱ्या घराचे वर्षाचे उत्पन्न ठरत असते. तेव्हा बोलावले आणि आला नाही, तर त्याला गरज नाही असे समजू नये. नोकरीवर असलेल्या माणसालाही रोवणीच्या आणि तेंदूच्या दिवसांत घरी हात लागतो. ‘सारख्या सुट्ट्या घेशील का?’ असे दरडावून विचारले की तो ‘नाही जी’ म्हणतो आणि जुलैत न सांगता गायब होतो. ‘रोवणीला किती दिवस लागतील, तेंदूला किती?’ असे विचारले तर तो बोटांवर मोजून सांगतो. सहा दिवस, आठ दिवस. ते दिवस नेमणूकपत्रात लिहून टाकावेत आणि त्या काळात काट्यावर कोण बसेल, याची सोय मुनीमजींनी मेच्या आधीच करून ठेवावी.